क्लाऊन प्लेकोचं पोट खपाटीला गेलंय, फक्त लाकूड पुरतं काय?

खानापूरवाला (रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. दोन महिन्यामागं बेळगावातनं एक क्लाऊन प्लेको आणलोय, तीन बोटं रुंदीएवढा आहे, काळ्या अंगावर पिवळट पट्टे. दुकानदार मला सरळ सांगितला, "एनू बेडरी, कट्टिगी साकु," म्हणजे लाकूड टाकीत असलं की झालं, दुसरं काही घालायची गरज नाही, हा लाकूड खाणारा मासा. मी पण तेच खरं धरलो. ड्रिफ्टवूडचा एक मोठा तुकडा टाकलोय आणि रोज बघतोय तर मासा रात्रभर त्यालाच चिकटून असतो, खरवडतो, खाली भुशासारखी घाण पण भरपूर पडालीय. म्हणजे खातोय ना? पण काल तो काचेवर चढला तेव्हा खालनं बघितलो तर पोट पार आत गेलंय, छातीच्या पुढं खळगाच पडलाय. दोन महिने झाले मी ह्याला उपाशी ठेवलोय काय असं वाटून रात्री झोप येईना. फोटो टाकलोय. काय घालू, किती घालू, कुणीतरी नीट सांगा.

टाकी २ फुटी, सोबत १० निऑन आणि ४ कोरी (तळाला फिरणारे छोटे मासे).

---

निपाणीकर७७ (रात्री ११.४२)

फोटो बघितला. पोट आत आहे पण डोळे आत गेलेले दिसत नाहीत, त्यामुळं वेळ गेलेली नाही. डोळे खोल गेले की मग अवघड. आत्ताच्या आत्ता घरात काकडी, दोडका, दुधी जे असेल त्याची एक चकती काट्याच्या चमच्याला टोचून खाली सोडा, लाईट बंद करा आणि झोपा. सकाळी सांगा. आणि हीटर आहे काय? पाण्याचं टेंपरेचर किती?

---

खानापूरवाला (रात्री ११.५०)

हीटर नाही वो. थर्मामीटर पण नाही. विहिरीचं पाणी आहे. दोडका आहे घरात, आत्ता सोडतो.

---

वडगावची_ताई (सकाळी ७.१५)

दादा, रात्री हे वाचलं आणि सकाळी चहा ठेवायच्या आधी लिहायला बसले कारण माझा पहिला क्लाऊन प्लेको अगदी असाच गेला. मला पण हेच सांगितलं होतं, लाकूड पुरतं म्हणून. चार महिने तो लाकूड खरवडत होता, मी रोज बघत होते, आनंदात होते की मासा किती छान खातोय, आणि एक दिवस तो लाकडाखाली मरून पडलेला मिळाला. हातात घेतला तर नुसती वरची कवची, खाली पोट नाहीच. पोट भरून खाणारा मासा उपासमारीनं मेला हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. त्यानंतर मी ह्यावर जितकं मिळेल तितकं वाचलं, ते सगळं आज लिहिते, लांब होईल, वाचा.

हे मासे दक्षिण अमेरिकेतले. तुमचा बहुतेक पॅनाकोलस मॅकस, व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, एल नंबर एल १०४. (एल नंबर म्हणजे १९८८ साली एका जर्मन मत्स्यमासिकानं सुरू केलेली पद्धत, शास्त्रीय नाव मिळायच्या आधीच नवीन नवीन प्लेको बाजारात यायला लागले म्हणून त्यांना नुसते नंबर दिले, ते अजून चाललेत.) मॅकसला शास्त्रीय नाव १९९३ मध्ये मिळालं. हा लहान राहतो, ९-१० सेंटिमीटर, म्हणून घरच्या टाकीला चांगला. ह्याचा मोठा भाऊ रॉयल प्लेको, पॅनाक नायग्रोलिनिएटस, तो ४० सेंटिमीटरच्या वर जातो, तो कुणी "सेम आहे" म्हणून दिला तर घेऊ नका.

ह्या मंडळींचे दात बाकीच्या प्लेकोसारखे बारीक केसासारखे नसतात. चमच्यासारखे खोलगट असतात, आणि थोडेच. सुताराकडं गोल पटाशी असते बघा, खोबणी काढायची, अगदी तशी. तुमचं लाकूड बाहेर काढून उजेडात तिरकं धरून बघा, त्यावर नखानं ओढल्यासारखे बारीक बारीक ओरखडे शेजारी शेजारी दिसतील. रात्री सगळं शांत झालं की टाकीजवळ कान लावा, खर्र खर्र आवाज येतो, माझी लेक त्याला "सुतार मामा" म्हणते.

आता मुद्दा. लाकूड खातो म्हणजे पचवतो असं नाही. डोनोवन जर्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं २००९ मध्ये ह्याच माशांवर काम केलं. नुसत्या लाकडावर ठेवलेले मासे वजनानं घटले. आणि खाल्लेलं लाकूड चार तासांच्या आत पोटातनं बाहेर! तुमच्या घरी म्हैस असेल तर तुम्हाला लगेच कळेल, म्हशीच्या पोटात कडबा दोन दोन दिवस राहतो, कुजतो, रवंथ होतं, तेव्हा कुठं त्याचं दूध होतं. चार तासांत लाकडाचं काय होणार? तुम्हाला खाली जो भुसा दिसतोय तो लाकूडच आहे, बारीक झालेलं, बाकी तसंच्या तसं. नदीत हे मासे जे लाकूड खातात ते कुजत आलेलं असतं, त्यावर बुरशी, शेवाळ, जिवाणू, बुळबुळीत थर असतो, खरं पोषण त्यातनं. आपल्या टाकीतल्या स्वच्छ उकळलेल्या लाकडावर ते किती असणार?

म्हणून लाकूड हवंच, ते काढू नका, पण जेवण वेगळं द्यायचं. मी काय देते ते सांगते.

रोज रात्री लाईट बंद झाल्यावर, साधारण दहाला. आठवड्यात तीन दिवस रताळं. बेळगावच्या पश्चिम भागातली आपली रताळी, ह्याच्यापेक्षा चांगली गोष्ट मला अजून मिळालेली नाही, पाच रुपयाच्या नाण्याएवढी चकती, साल काढून, दोन मिनिटं वाफवून. कच्ची पण खातो पण वाफवलेली लगेच धरतो. दोन दिवस दोडका किंवा दुधी किंवा लाल भोपळा. काकडीत पाणीच जास्त, तिच्यावर अवलंबून राहू नका. एक दिवस बुडणारी अल्गी वेफर (शेवाळाच्या खाद्याची चकती), अर्धी. एक दिवस घरची जेली. भाजी बाजारातली असेल तर मिठाच्या पाण्यात ठेवून चांगली धुवून, साल काढून, कारण फवारणीचं औषध माशाला आपल्यापेक्षा लवकर लागतं. सकाळी आठच्या आत उरलेलं काढायचं, नाहीतर पाणी वास मारतं.

जेली अशी: वाटीभर मटार उकडून साल काढून, थोडा पालक, अर्धं रताळं, चार कोळंब्या सोलून, चमचाभर स्पायरुलिना पावडर, सगळं मिक्सरला. चायना ग्रास पाण्यात उकळून त्यात ओतायची, ताटात वडीसारखी थापायची, थंड झाली की चौकोनी तुकडे करून फ्रीजरला. जिलेटिनच्या जेलीपेक्षा चायना ग्रासची पाण्यात लवकर विरघळत नाही. कोळंबी थोडीच, ह्यांचं आतडं लांब असतं, रोज ब्लडवर्म (लाल अळ्यांचं खाद्य) घातले तर पोट फुगतं.

तुमच्या माशाला मात्र एकदम भरपूर देऊ नका. आठ दिवस थोडं थोडं. आणि टेंपरेचर २४ ते २८ पाहिजे, हीटर आजच आणा.

---

खानापूरवाला (सकाळी ७.४०)

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. दोडका सकाळी बघितलो, मधला मऊ भाग गायब, नुसती कडेची रिंग उरलीय. कोरी खाल्ले की हा खाल्ला माहीत नाही. हीटर किती वॉटचा?

---

निपाणीकर७७ (सकाळी ८.०५)

२ फुटीला ५० वॉट पुरे, पण खानापूरकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४-१५ पर्यंत उतरतंय, त्यामुळं ७५ घ्या. हीटरवर स्टँड किंवा जाळी लावा, प्लेको गरम काचेला चिकटून बसतात, अंग भाजतं.

---

घटप्रभा_काठ (सकाळी ११.३०)

ताईंचं सगळं पटलं, एक भर घालावीशी वाटते, मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. लाकूड अजिबात पचत नाही असं म्हणण्याआधी थोडं थांबावं. रॉयल प्लेकोच्या आतड्यात कोणकोणते जिवाणू राहतात ह्यावर २०१२ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालंय, त्यात सेल्युलोज मोडणाऱ्या जिवाणूंच्या जवळचे प्रकार मिळालेत, आणि हवेतल्या नायट्रोजनपासून उपयोगी संयुगं बनवणारे जिवाणू पण. लाकडात प्रोटीन जवळजवळ नसतंच, मग तो नायट्रोजन आतल्या जिवाणूंकडून थोडाफार मिळत असेल, आपल्या भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी करतात तसं. म्हणजे आत काहीच घडत नाही असं नाही.

---

वडगावची_ताई (दुपारी १.१०)

सर, बरोबर आहे तुमचं, मी "पचत नाही" असं एका फटक्यात लिहायला नको होतं. आत जिवाणू आहेत, काहीतरी करतात. पण ते करतात ते माशाचं पोट भरायला पुरत नाही, वजन घटलं हे तर दिसलंच आहे. दुकानात गिऱ्हाईकाला सांगताना ह्यातलं अर्धंच सांगतात आणि मासा मरतो, माझं भांडण तेवढ्याशीच. लाकूड त्याच्या दातांना, आतड्याला, स्वभावाला पाहिजे, भाकरी म्हणून नाही.

---

घटप्रभा_काठ (दुपारी १.२५)

पटलं. मुलांना उद्या वर्गात हाच मासा दाखवणार.

---

फौंड्रीवाला (संध्याकाळी ६.४५)

हा धागा वाचून मी पण एक विचारतो. माझ्याकडं एल २०४ आहे, फ्लॅश प्लेको. ड्रिफ्टवूड लई महाग मिळालंय, उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये मशीनचे पार्ट येतात त्या पेट्यांचं पांढरं लाकूड ढिगानं पडलेलं असतं, मऊ पण असतं, तेच तुकडे उकळून टाकू काय? फुकटात काम होईल.

---

वडगावची_ताई (संध्याकाळी ६.५८)

नका टाकू हो!! पॅकिंगचं लाकूड बहुतेक पाईन असतं, त्यात राळ असते, आणि बाहेरनं आलेल्या पेट्यांना कीड लागू नये म्हणून काही ना काही केलेलं असतं. बाकीच्या माशाच्या टाकीत एखादवेळ खपून जाईल, पण तुमचा मासा ते खाणार आहे, दिवसरात्र. जे आपण पोटात घालणार नाही ते ह्याच्या टाकीत घालायचं नाही.

---

जांबोटी_पाऊस (रात्री ८.३०)

लाकडाचं मी सांगतो, आमच्याकडं लाकूड सोडून दुसरं काय आहे.

मी सहा वर्षं पेरूची फांदी वापरालोय. घरच्या परड्यातलं झाड छाटलं की मनगटाएवढ्या फांद्या बाजूला ठेवतो, साल काढून पत्र्यावर वर्षभर वाळवतो, एक उन्हाळा पूर्ण मिळायला पाहिजे. ओलं लाकूड टाकलं की चीक सुटतो आणि पाण्यावर पांढरा थर येतो. वाळलेलं दोन-तीन वेळा उकळायचं, मग बादलीत बुडवून ठेवायचं, वर दगड, खाली बसायला लागलं की टाकी. पाणी चहासारखं लाल होतं ते टॅनिन, त्यानं काही होत नाही, उलट माशाला बरं. सुरुवातीला लाकडावर पांढरी मऊ बुरशी येते, लोक घाबरून घासून काढतात, काढू नका, तेच तर हे मासे पहिलं खातात.

जांभूळ पण चांगलं, पण कठीण, लई दिवस टिकतंय. बदामाची पानं (मोठ्या पानाचा देशी बदाम, रस्त्याकडंला असतोय तो) वाळलेली दोन-चार टाकली की ती पण खरवडतात, नुसती शीर राहते.

टाळायचं काय: काजू नको, आमच्या भागात काजू लई, पण त्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात हे इथं सगळ्यांना माहीत आहे. कण्हेर तर विषच. निलगिरी तेलाची. शेर, रुई असलं चीकवालं काही नको. आणि जंगलातनं लाकूड उचलून आणू नका वो, एकतर फॉरेस्टवाले धरतील आणि धरलं नाही तरी ते पडलेलं लाकूड तिथल्या किड्यामुंग्यांचं घर असतंय.

दुसरं, पावसाळ्याचं सांगून ठेवतो. जुलैत आमच्याकडं लाईट गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. फिल्टर बंद पडला की प्लेको वर येऊन हवा घ्यायला लागतो, ते बघवत नाही. दोन वर्षामागं माझी एक मादी तशीच गेली. तेव्हापासनं बॅटरीवरचा एअर पंप ठेवलोय, सेल जूनमध्येच आणून ठेवतो. लाईट नसताना खायला काहीच घालायचं नाही, उरलेली भाजी पण काढायची.

---

फौंड्रीवाला (रात्री ८.५०)

बरं झालं विचारलो. पेट्या सोडून दिलो. पेरू आमच्या मागच्या अंगणातच आहे.

---

नवीन_टाकी (रात्री ९.३५)

नमस्कार, मी नवीन आहे, मला पण सांगा. माझ्याकडं पण प्लेको आहे, दुकानात सकर म्हणून ५० रुपयाला दिला, तपकिरी ठिपक्याठिपक्याचा, पाठीवरचं पंख शिडासारखं मोठं. एका वर्षात फूटभर झाला. हा पण लाकूड खातो काय? टाकीत आता मावत नाही, रविवारी किल्ल्याच्या तलावात सोडायचा विचार आहे, बिचारा तिथं तरी मोकळा जगेल.

---

निपाणीकर७७ (रात्री ९.४१)

थांबा थांबा, सोडू नका. हा वेगळा, ह्याला सेलफिन म्हणतात, टेरिगोप्लिक्थिस. लाकूड खाणाऱ्यातला नाही, सगळं खातो. तुमच्या मनात चांगलंच आहे हे कळतंय, पण हा मासा दक्षिण अमेरिकेतला, भारतात कितीतरी तलावांत, नद्यांत लोकांनी असाच सोडून दिलाय आणि तो तिथं वाढत सुटलाय. अंगावर हाडाची कवची, त्यामुळं खाणारं कुणी नाही, काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो, त्यानं काठ ढासळतात. तलाव तुंबला की तिथनं नाला, नाल्यातनं नदी.

---

घटप्रभा_काठ (रात्री ९.५५)

किल्ल्याच्या तलावात, मलप्रभेत, मार्कंडेयात, कुठंच नको. दुकानदार परत घेतो काय विचारा, नाहीतर इथंच फोटो टाका, मोठी टाकी किंवा सिमेंटचा हौद असलेलं कुणीतरी घेईल. माझ्या शाळेत हौद आहे, बंदिस्त आहे, पाणी बाहेर जात नाही. दुसरं कुणी नाही मिळालं तर मी घेतो.

---

नवीन_टाकी (रात्री १०.१०)

माहीत नव्हतं सर. तुम्हालाच देतो. बादलीतनं आणून देऊ काय?

---

घटप्रभा_काठ (रात्री १०.१२)

झाकणाची मोठी बादली, टाकीतलंच पाणी, जाळीनं धरू नका, काटे अडकतात आणि सोडवताना त्याचं पंख फाटतं. डबा पाण्यात बुडवून त्यात घ्या. मेसेज करतो.

---

खानापूरवाला (सहा दिवसांनी, रात्री १०.४५)

सांगायला आलोय. हीटर बसवलोय, २६ वर ठेवलोय. ताईंनी सांगितल्यासारखं रताळं सुरू केलोय. पहिल्या दोन रात्री कोरीच चकतीवर तुटून पडायचे आणि हा कोपऱ्यात, म्हणून मी आता अकराला कोरींना त्यांचं खाणं एका बाजूला घालतो आणि ह्याची चकती लाकडाच्या पोकळीत आत सरकवतो. काल टॉर्चला लाल कागद गुंडाळून बघत बसलो, पांढऱ्या उजेडात तो पळतो. चकतीवर आडवा पडून तोंड गोल फिरवत होता, कडेपासनं आत, कडेपासनं आत, आणि मधनंच रताळं सोडून शेजारच्या लाकडावर जाऊन दोन घास खरवडून परत येत होता. भाताबरोबर लोणचं खाल्ल्यासारखं. अर्धा तास बघितलो, पाय बधीर झाले.

एक अडचण, माझा लहान फिल्टर दोन दिवसात चोंदतोय. भुसाच भुसा.

---

वडगावची_ताई (रात्री ११.००)

वाचून इतकं बरं वाटलं! फिल्टरचं असंच होणार, हा मासा त्याच्या आकाराच्या मानानं फार घाण करतो. फिल्टरच्या तोंडाला जाड स्पंज लावा, तो दर तीन दिवसांनी टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नाही. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला आणि बदलताना पाईपानं तळचा भुसा ओढून घ्या. विहिरीचं पाणी असेल तर बरं, आमच्याकडं महापालिकेचं येतं त्याला अँटीक्लोरीन टाकावं लागतं. जमलं तर पुढं मागं तीन फुटी टाकी करा, काचेचीच. अॅक्रिलिकला हे मासे दातानं ओरखडे काढतात, दोन महिन्यात पलीकडचं दिसायचं बंद.

पोट कसं आहे?

---

खानापूरवाला (रात्री ११.०८)

खळगा अजून आहे पण आधीएवढा नाही. घाण पण बदललीय, आधी नुसता पांढरट भुसा होता, आता हिरवट-केशरी लांब दोरा येतोय.

---

वडगावची_ताई (रात्री ११.१०)

तो दोरा म्हणजे पोटात खरं अन्न गेलं. चालू ठेवा.

---

खानापूरवाला (पाच आठवड्यांनी, रात्री १०.३०)

फोटो टाकलोय, आधीचा आणि आजचा शेजारी शेजारी. पोट सपाट आलंय, किंचित गोलच म्हणा. पट्टे पण उजळलेत, आधी मळकट दिसायचे. आई आधी रागवायची, एकादशीची रताळी माशाला कशाला म्हणून, आता तीच बाजारातनं येताना लहान लहान वेचून वेगळी आणते आणि रात्री विचारते, त्याचं जेवण झालं काय.

ज्या दुकानातनं आणलो तिथं परवा गेलो होतो. भांडलो नाही, दोन्ही फोटो दाखवलो आणि सगळं सांगितलो. ऐकून घेतला. टाकीत त्याच्याकडं अजून तीन होते, तिघांची पोटं आत. पुढच्या खेपेला जाताना रताळी घेऊन जाणार आहे, घालतो म्हणालाय.

---

जांबोटी_पाऊस (रात्री १०.५०)

लई भारी. लाकूड किती उरलंय?

---

खानापूरवाला (रात्री १०.५५)

एका टोकाला बोटभर झिजलंय. पेरूची फांदी सोलून पत्र्यावर टाकलोय, पुढच्या वर्षीला.